इंद्रजाल जमा करण्यासाठी मुदत द्या

पूजासाहित्याच्या दुकानांत, देवस्थानांबाहेरच्या टपऱ्यांवर आणि इंटरनेटवरच्या बाजारात काचेच्या चौकटीत बसवलेली एक काळी किंवा तपकिरी जाळी विकायला असते. रुंदीला हातभर, जाडीला जेमतेम बोटभर. बुडाशी एकच देठ आणि वर पंख्यासारखा फाकलेला पसारा. तिला इंद्रजाल म्हणतात. आकार मोठा असेल तर महाइंद्रजाल. ही समुद्रातली दुर्मीळ वनस्पती आहे असे विक्रेता सांगतो. कुणी तिला मूळ म्हणतो, कुणी वेल. ती घरात लावली की नजर, करणी, वास्तुदोष यांपासून रक्षण होते, धंद्याला बरकत येते, असा महिमा सांगितला जातो आणि घेणारे कुटुंब हळदकुंकू वाहून तिला देवघरात किंवा दारावर मानाची जागा देते. या जाळीत वनस्पतीचा अंशही नसतो. तो प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा असतो, बहुतेकदा समुद्रपंख्याचा, नाहीतर काळ्या पोवळ्याचा. हे दोन्ही जीव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे अवशेष विकणे, विकत घेणे आणि नुसते घरात बाळगणे हाही गुन्हा आहे आणि त्याला किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास सांगितला आहे. मूळ समजून घेतलेल्या वस्तूपायी सश्रद्ध गृहस्थ वाघाचे कातडे बाळगणाऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि त्याला याची गंधवार्ता नसते. हा व्यवहार बंद व्हायला हवा याबद्दल दुमत नसावे. पण तो केवळ छाप्यांनी बंद होणार नाही. केंद्र सरकारने एक ठराविक मुदत जाहीर करावी, त्या मुदतीत ज्याच्या घरी इंद्रजाल असेल त्याने ते वनखात्याकडे जमा करावे आणि जमा करणाऱ्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, अशी मागणी मी या लेखात करतो आहे.

आधी तो जीव कोण आहे ते पाहू, कारण सगळी गफलत तिथेच होते. समुद्रपंखा म्हणजे एक प्राणी नव्हे, हजारो इवल्या प्राण्यांची एकत्र वस्ती. यातल्या प्रत्येकाला तोंडाभोवती आठ स्पर्शिका असतात आणि प्रत्येक स्पर्शिकेला पिसासारख्या बारीक झालरी. या झालरींनी ते पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतात. सगळ्यांना धरून ठेवणारा कणा शिंगासारख्या चिवट प्रथिनाचा असतो, त्यावर जिवंत मांसल थर आणि त्या थरात चुन्याचे सूक्ष्म कण. जिवंतपणी पंखा जांभळा, पिवळा, केशरी, लाल अशा रंगांचा असतो. पाण्याबाहेर काढून वाळवला की वरचा थर झडतो आणि उरतो तो काळपट कणा. दुकानातली जाळी ती हीच. पंख्याचा आकारही शोभेसाठी नाही. वाहत्या पाण्यातून अन्न गाळायचे तर जाळे प्रवाहाला आडवे धरावे लागते. १९६९ मध्ये वेनराइट आणि डिलन या दोन संशोधकांनी समुद्रपंख्यांच्या दिशा मोजल्या तेव्हा दिसले, की लहान पंखे कोणत्याही दिशेला तोंड करून असतात, पण मोठे होत जाताना ते पाण्याच्या हालचालीला आडवे होतात. खडकाला चिकटलेला, जागचा हलू न शकणारा जीव वाढता वाढता आपली बैठक बदलत नेतो, ही गोष्ट कुठल्याही चमत्काराच्या वर्णनाइतकीच विस्मयकारक आहे. ही वाढ संथ असते. अनेक जातींमध्ये ती वर्षाला एक-दोन सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी. हातभर पंखा म्हणजे दोन-तीन दशकांचा तरी जीव झाला. काळे पोवळे याहून धीमे. त्याचा कणा काळाकुट्ट असतो आणि भिंगाखाली त्यावर बारीक काटे दिसतात. हवाईच्या खोल समुद्रातल्या एका काळ्या पोवळ्याच्या वसाहतीचे वय ४ हजार वर्षांहून अधिक असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कार्बन-कालमापनाने ठरले. मोहेंजोदडो नांदत असताना रुजलेला जीव एकविसाव्या शतकातही जिवंत होता.

याला वनस्पती समजणे हा अडाणीपणा आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. युरोपातले मोठमोठे पंडितही हेच समजत होते. १७०६ मध्ये लुइजी मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले तेव्हा त्यावर पांढरी आठ पाकळ्यांची ‘फुले’ उमललेली दिसली आणि पोवळे ही वनस्पतीच आहे, असा पुरावा मिळाल्याचा आनंद झाला. पुढे १७२० च्या दशकात झाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने तीच ‘फुले’ निरखून ते प्राणी असल्याचे सांगितले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीला हे इतके विपरीत वाटले, की रेओम्यूरसारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने ते मत मांडताना पेसोनेलची अब्रू जाऊ नये म्हणून त्याचे नावच घेतले नाही. मत मान्य व्हायला आणखी काही दशके जावी लागली. लिनिअसने १७५८ मध्ये समुद्रपंख्याच्या एका जातीला ‘गॉर्गोनिया फ्लॅबेलम’ असे नाव दिले तेव्हाही हे जीव प्राणी आणि वनस्पती यांच्या सीमेवरचे मानले जात होते. डोळ्यांना ते झाडासारखेच दिसतात: बुंधा आहे, फांद्या आहेत, जागचे हलत नाहीत. शिवाय काळ्या पोवळ्यात रोग आणि बाधा हटवण्याची शक्ती असते, ही समजूतही फक्त आपली नाही. प्राचीन ग्रीकही तसेच मानत. त्या गटाचे आजचे शास्त्रीय नावसुद्धा ‘दुखण्याचा प्रतिकार करणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. तेव्हा घरात इंद्रजाल लावणाऱ्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. मात्र पेसोनेलला जाऊन जवळजवळ पावणेतीनशे वर्षे झाली. आता विक्रेत्याने हा जीव ‘मूळ’ म्हणून विकणे याला गैरसमज म्हणता येत नाही. दुकानदाराला माहीत नसेल, पण घाऊक व्यापाऱ्याला आपला माल समुद्रातून, तोही कुणाच्या जाळ्यातून येतो, हे ठाऊक असतेच.

वनस्पतीचा हा बुरखा व्यापाराच्या पथ्यावर पडतो. २०१७ मध्ये ‘हत्ता जोडी’ नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूचे बिंग फुटले तेव्हा हेच दिसले होते. विंध्य पर्वतातल्या झुडपाची दोन हात जोडल्यासारखी दिसणारी मुळी, अशी तिची जाहिरात असे. प्रत्यक्षात ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये निघाली. शाकाहारी, धर्मभीरू, मुंगीही न मारणारी माणसे ती शेंदरात ठेवून पुजत होती. त्यांना सत्य कळले असते तर त्यांनी ती दाराबाहेर ठेवली असती. इंद्रजालाचेही तसेच आहे. जीव मारून मिळालेली वस्तू देवघरात नको, ही भावना ग्राहकाच्या मनात आधीच पक्की असते. खोटे नाव त्या भावनेला झोपवून ठेवते. म्हणून या प्रश्नात माहिती पोहोचवणे हे कायद्याच्या अंमलबजावणीनंतरचे, फावल्या वेळचे काम नाही. तीच अंमलबजावणीची पहिली पायरी आहे.

पण नुसती माहिती दिली तर काय होईल? समजा उद्या एखाद्या गृहिणीला कळले, की भिंतीवरचे इंद्रजाल हा संरक्षित प्राण्याचा सांगाडा आहे. तिने काय करावे? वनखात्यात नेऊन द्यावे तर ते बाळगल्याची कबुली होते. कायद्याच्या कलम ५७ नुसार अशी वस्तू ज्याच्या ताब्यात सापडते त्याचा ताबा बेकायदा आहे असेच गृहीत धरले जाते. तो कायदेशीर होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. २०२२ च्या दुरुस्तीने प्राण्यांचे अवशेष सरकारजमा करण्याची सोय करणारे कलम ४२अ आणले, परंतु ती सोय ज्याच्याकडे मालकीचे प्रमाणपत्र आहे त्याच्यासाठी आहे. म्हणजे आजोबांच्या शिकारीतले सांबराचे शिंग नोंदवून ठेवलेले संस्थानिक घराणे ते सहज परत करू शकते, आणि जत्रेत दोनपाचशे रुपयांना जाळी घेतलेले कुटुंब करू शकत नाही. मग ते कुटुंब काय करणार? जाळी कचऱ्यात टाकेल, नदीत विसर्जित करेल किंवा गप्प बसून भिंतीवर तशीच ठेवेल. यांपैकी कशानेही पुरावा हाती लागत नाही आणि विक्रेत्यापर्यंत जाणारा माग तिथेच पुसला जातो. कायदा जेवढा कडक, तेवढी सामान्य माणसाची जीभ बंद. इथे तो विक्रेत्याचीच पाठराखण करून बसतो.

यावर उपाय कायद्यातच आहे. कलम ४०अ केंद्र सरकारला असा अधिकार देते, की अधिसूचना काढून ठराविक काळात अघोषित वस्तू जाहीर करायला सांगावे आणि तशी जाहीर करणाऱ्याला अभय द्यावे. २००३ मध्ये या अधिकाराखाली नियम झाले आणि लोकांना १८० दिवसांची मुदत मिळाली. २०२० मध्ये परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीही स्वेच्छेने माहिती देण्याची सहा महिन्यांची योजना आली. तेव्हा मी मागतो आहे ते अघटित नाही. फरक एकच हवा: २००३ च्या योजनेत वस्तू जाहीर करून प्रमाणपत्रासह जवळ ठेवण्याची वाट होती, इंद्रजालाच्या बाबतीत ती ठेवू नये. जाहीर करा आणि देऊन टाका, एवढेच. प्रमाणपत्र नाही, भरपाई नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. कुठून घेतले हे सांगितले तर उत्तम, पण तीही अट नको.

यावर पहिला आक्षेप वन्यजीव क्षेत्रात काम करणारेच घेतील आणि तो वजनदार आहे. अभययोजना म्हणजे चोरट्या मालाला कायदेशीर करण्याची संधी. मुदत मिळाली की साठेबाज आपला माल ‘जुना’ म्हणून दाखवतात आणि त्याच्या आडून नवा माल फिरवत राहतात, असा त्यांचा अनुभव आहे. हस्तिदंत किंवा कातडी यांच्याबाबत हे भय रास्तच आहे, कारण तिथे प्रमाणपत्र मिळालेली वस्तू मालकाकडेच राहते आणि तिचे मोल वाढते. इथे वस्तूच हातातून जाणार आहे. जमा झालेला माल पुन्हा बाजारात येण्याचा रस्ता राहत नाही, तेव्हा चोराला त्यातून कमावण्यासारखे काही उरत नाही. व्यापाऱ्याला अभय नको, फक्त घरगुती धारकाला द्यावे, अशी मर्यादाही घालता येईल: एका व्यक्तीकडून दोन नगांपर्यंत. त्याहून अधिक नग असतील तर तो साठा आहे असे धरून चौकशी व्हावी. आणि मुदत संपली की सबब संपली. आज पकडला गेलेला दुकानदार ‘मला हे झाडच वाटले’ असे म्हणू शकतो आणि ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखेही असते. राज्यभर फलक लागून, वर्तमानपत्रांत जाहिरात येऊन, मुदत उलटून गेल्यावर तेच वाक्य न्यायालयात टिकणार नाही. म्हणून मला ही योजना कायद्याला दिलेली ढील वाटत नाही. तिच्यामुळे खटल्यांचा पाया पक्का होईल.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि त्याला मी सर्वांत जास्त जागा देतो. लोक म्हणतील, पूजेतल्या वस्तूंवर हात टाकायचा अधिकार सरकारला कुणी दिला? याचे उत्तर पूजाविधींच्या इतिहासात आहे, आणि पंख्याच्याच इतिहासात ते फार स्वच्छ दिसते. समुद्रपंख्याच्या शास्त्रीय नावातला ‘फ्लॅबेलम’ हा लॅटिन शब्द छोट्या पंख्याचा. जीवशास्त्राने तो समुद्रपंख्याला दिला, दगडी प्रवाळांच्या एका प्रजातीला दिला, मधमाशीच्या जिभेच्या टोकावरच्या इवल्या पात्यालाही दिला. आपल्या ताडाच्या ‘बोरॅसस फ्लॅबेलिफर’ या नावात तो पंखा धारण करणारे झाड या अर्थाने आला. परंतु जीवशास्त्रात येण्याच्या कितीतरी आधीपासून तो ख्रिस्ती पूजाविधीत होता. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात सीरियात रचलेल्या एका धर्मविधींच्या ग्रंथात सांगितले आहे, की वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन सेवकांनी पातळ चामड्याचे, मोरपिसांचे किंवा तलम कापडाचे पंखे हलवून प्याल्यात माश्या-किडे पडणार नाहीत असे पाहावे. काम साधे होते. हळूहळू त्याला मान चिकटला, पंखा देवदूतांच्या पंखांचे रूप मानला गेला. पूर्वेकडच्या चर्चांनी पिसे आणि चामडे सोडून धातूच्या तबकड्या घेतल्या, त्यांवर सहा पंखांचे देवदूत कोरले. आर्मेनियात आणि केरळातल्या सिरियन परंपरेच्या चर्चांत त्या तबकड्यांना घुंगरेही लागली. रोममध्ये पोपच्या मिरवणुकीत शहामृगाच्या पिसांचे भव्य पंखे विसाव्या शतकापर्यंत चालले आणि सहाव्या पॉलच्या काळात तेही बंद झाले. पीस गेले, धातू आला, कुठे पंखाच गेला; उपासना चालू राहिली. विधीचे सत्त्व त्या पंख्याच्या द्रव्यात नव्हते, म्हणून द्रव्य बदलता आले.

आपल्याकडे याहून जवळचे दाखले आहेत. देवासमोर ढाळायची चवरी मूळची याकच्या शेपटीच्या केसांची. आज असंख्य देवळांत ती कृत्रिम धाग्यांची असते आणि आरतीत कुणाला उणीव भासत नाही. दिगंबर जैन मुनी मोरपिसांची पिच्छी बाळगतात, पण पिसे मोराने आपोआप टाकलेलीच असली पाहिजेत असा दंडक आहे. ज्या वस्तूने कीटक हळुवार बाजूला सारायचे, तिच्यासाठी मोराला इजा झाली तर तिचा हेतूच संपला. साधनेसाठी व्याघ्राजिन सर्वश्रेष्ठ, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते आसन जवळपास दिसेनासे झाले; साधक दर्भावर, लोकरीवर बसू लागले आणि साधना अडली नाही. लहान मुलाच्या गळ्यात वाघनख घालण्याची हौस सोनाराने घडवलेल्या नकली नखावर भागते. या तुलनेत इंद्रजालाची बाजू फारच लंगडी आहे. देवळातल्या नित्यपूजेच्या सोळा उपचारांत ते नाही, व्रतवैकल्यांत नाही, वारीत नाही. घरोघरी त्याचा सुळसुळाट झाला तो वास्तुदोषांच्या बाजारपेठेबरोबर. त्याला प्राचीनतेचा दाखला द्यायचा तर तो देणाऱ्याने द्यावा. ज्यांना दारावर पंख्याच्या आकाराचे काही मंगल हवेच असेल, त्यांच्यासाठी वटपौर्णिमेच्या वाणातला विंझणा आहे. ताडाच्या पानाचा, कारागिराने विणलेला, आणि खरोखर वनस्पतीचा.

‘मग मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळे कसे चालते?’ असेही कुणी विचारेल. प्रश्न योग्य आहे, कारण लाल पोवळे समुद्रपंख्याचे सख्खे नातलग आहे. त्याच्याही जीवांना आठच स्पर्शिका. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते आणि तिथे त्याच्या अतिउपशाचा फटका बसल्यावर २०११ मध्ये ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यातून ते काढण्यावर बंदी आली. एका चुकीच्या उपशावर तिकडे उशिरा का होईना लगाम बसतो आहे; त्याचा आधार घेऊन आपण दुसरा उपसा मोकळा सोडावा, हा युक्तिवाद उलटा आहे.

तिसरा आक्षेप कोळीवाड्यातून येईल आणि तो प्रामाणिक आहे. समुद्रपंखा मुद्दाम कुणी काढत नाही, तळ खरवडणाऱ्या जाळ्यात तो मासळीबरोबर येतो, वर येईपर्यंत मेलेला असतो. मग फेकून देण्याऐवजी विकला तर बिघडले काय? यातला पहिला भाग पुष्कळ अंशी खरा आहे. पण जे फुकट येते त्याला किंमत आली, की ते टाळायची गरज वाटेनाशी होते. ज्या खडकाळ भागात जाळे फाटते म्हणून नाखवा दूर राहतो, तिथल्या ‘कचऱ्या’लाही भाव आहे म्हटल्यावर हिशेब बदलतो. मन्नारच्या आखाताचा इतिहास पाहावा. १९७० च्या दशकात तिथून वाळवलेले समुद्रपंखे परदेशी निर्यात होत. १९६९ मध्ये कॅरिबियनमधल्या एका जातीत औषधी उपयोगाचे प्रोस्टाग्लँडिन भरपूर असल्याचे आढळले होते आणि जगभरच्या समुद्रपंख्यांकडे औषधांच्या शोधात नजरा वळल्या होत्या. मागणी आली तसा मुद्दाम उपसाही आला. २००१ मध्ये समुद्रपंखे, काळे पोवळे आणि दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत टाकण्याची वेळ आली ती अशा अनुभवांमुळे. आपल्या किनाऱ्याला मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेली ‘आंग्रिया बँक’ ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. जाळ्यात पंखा आला तर तो परत समुद्रात टाकणे किंवा बंदरावर नोंदवून जमा करणे, यासाठी मच्छीमाराला दोष न लागेल अशी तरतूद याच योजनेत करता येईल. शिक्षेची टांगती तलवार गरीब तांडेलावर ठेवून शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याला मोकळे सोडणे, हे तर आज चाललेच आहे.

आणि ‘मेलेल्याचे काय घ्यायचे’ या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे. समुद्रपंखा एकटा मरत नाही. त्याच्या फांद्यांवर खेकडे, कोलंब्या, चांदणमाशाचे नातलग, माशांची पिल्ले वस्ती करून असतात. नखाएवढा इवला समुद्रघोडा समुद्रपंख्यावरच राहतो, आणि त्याच्या अंगावरचे उंचवटे पंख्याच्या मिटलेल्या जीवांसारखे इतके हुबेहूब असतात, की १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात एका मत्स्यालयासाठी पंखा काढून आणल्यावर तो निरखताना बार्गिबांत या संशोधकाला हा मासा प्रथमच सापडला. तोवर विज्ञानाला त्याची दखलच नव्हती. भिंतीवर जाळी टांगताना अशी एक वस्ती उठवली गेलेली असते, हे ग्राहकापर्यंत पोहोचायला हवे.

वनखात्यात माणसे कमी आहेत, बिबटे वस्तीत येत आहेत, रानडुकरे पिके खात आहेत. अशात या जाळ्यांकडे कोण पाहणार, असा व्यावहारिक प्रश्नही आहे. उत्तर असे, की यात खात्याचे काम वाढण्याऐवजी कमी होईल. दुकानोदुकानी फिरण्यापेक्षा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक खोके ठेवणे सोपे. बाजारावर वचक ठेवण्यासाठी दुसरे कायदेही हाताशी आहेत, त्यांचा वापर पोलीस आणि अन्न-औषध प्रशासन करू शकतात. ताईत, कवच यांनी रोग बरे होतात अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले, की अलौकिक शक्तीचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती बेकायदा आहेत. इंद्रजालाची जाहिरात तर दुहेरी बेकायदा आहे: दावा अलौकिक आणि वस्तू संरक्षित. इंटरनेटवरच्या विक्री-मंचांना इंद्रजाल, महाइंद्रजाल अशी दोन-तीन नावे शोधून काढायला एक दिवस पुरतो. ती काढल्यावर ‘समुद्री मूळ’, ‘वास्तु जाळी’ अशी नवी नावे येतील, म्हणून नावांबरोबर छायाचित्रांवरही लक्ष ठेवावे लागेल. प्लास्टिकची नकली इंद्रजालेही बाजारात आहेत आणि ती या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे अस्सल-नकली ओळखता येणे आवश्यक आहे. मुळाला बारीक केसमुळे असतात आणि ती चहूकडे पसरतात; समुद्रपंखा एकाच प्रतलात सपाट वाढतो, अनेक जातींत त्याच्या फांद्या एकमेकींना पुन्हा जुळून जाळी होते, आणि बुडाशी खडकाला धरणारी पसरट बैठक असते. एवढी ओळख एका छापील पानावर, तीन छायाचित्रांसह, प्रत्येक वनरक्षकाला देता येईल.

जमा झालेल्या जाळ्यांचे काय करायचे, हेही योजनेतच लिहून ठेवावे. जप्त मुद्देमाल जाळून टाकण्याची घाई इथे नको. प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे; तिथे आणि किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत हे नमुने जावेत. कोणती जाळी समुद्रपंख्याची, कोणती काळ्या पोवळ्याची, जाती कोणत्या, कोणत्या समुद्रातल्या, हे सांगाड्याच्या रचनेवरून आणि जमेल तिथे डीएनएवरून ठरवावे. कोणत्या जिल्ह्यात किती नग आले आणि ते कोणत्या पाण्यातले आहेत, हे एकत्र मांडले की या व्यापाराचा पहिला नकाशा तयार होईल: माल तमिळनाडूकडून येतो, की गुजरातकडून, की कोकणातूनच, की समुद्रापारहून. त्यावरून वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला कोणत्या बंदरावर आणि कोणत्या घाऊक बाजारात जायचे ते कळेल. काळ्या पोवळ्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८१ पासून ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, त्यामुळे परदेशी माल सापडला तर सीमाशुल्क विभागालाही त्यात उतरावे लागेल. उरलेले चांगले नमुने तालुक्याच्या शाळांना द्यावेत, खाली चिठ्ठी लावून: प्राण्याचे नाव, तो जिवंतपणी कोणत्या रंगाचा होता, आणि साधारण किती वर्षांचा होता.